घुसखोर

शस्त्रसंधी दोनच तासांची होती. सीमेवरच्या तंबूत शत्रूच्या मेजरने कर्नल राजाध्यक्षांपुढे कागद आदळला. बाहेर त्याच्या ट्रकमध्ये जवान विष्णू ठोंबरेचा मृतदेह होता.

“तुमचा माणूस आमच्या हद्दीत घुसला होता. एवढ्यावर सही करा आणि घेऊन जा.”

“तो आमच्याच चौकीवर मारला गेला. तुम्ही त्याला ओढून नेलंत.”

“मग राहू दे आमच्याकडेच! आमच्या गावांवर तोफा डागताना कुणाची दया आली होती?”

कर्नलनी दिल्लीला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी शेजारी देशांची बैठक होती. तिथे हा कागद आक्रमणाचा पुरावा ठरला असता. सही करायची नाही, असा हुकूम आला. त्यांनाही ते पटलं. त्यांनी कागद फाडला आणि ट्रक मृतदेहासकट माघारी वळला.

संध्याकाळी त्यांनी विष्णूच्या वडिलांना स्वतः फोन केला. घडलं ते सगळं सांगून म्हणाले, “त्याला आम्ही घुसखोर ठरू दिलं नाही, आबा.”



“सही तुमची व्हती, सायेब. पोरगं माजं व्हतं. मला इचारायचं तरी.”

फोन तिकडूनच बंद झाला.