श्वास धर, सोड

प्रभुलिंगचं आतडं एका जागी अरुंद झालं होतं. भाकरीच्या दोन घासांनीही पोटात कळ यायची. आज कोल्हापुरात एमआरआय होता. जुना व्रण दिसला तर ऑपरेशन, नुसती सूज असली तर औषधं.

मशीनच्या बोगद्यात हेडफोनमधून एक बाई सांगत राहिली, "श्वास धर. सोड." हळूहळू त्याची भीती गेली.

"सूजच आहे. ऑपरेशन नको," डॉक्टर म्हणाले. त्याची बायको विद्याश्री आनंदानं रडली.

निघताना तो टेक्निशियनला म्हणाला, "त्या बाईंनी लई मायेनं सांगितलं बघा."

"कुठल्या बाई, पावणं? हेडफोन सुरुवातीलाच बंद पडला. तुम्हीच बरोब्बर श्वास धरत होता की!"

प्रभुलिंग हसला. विद्याश्री जागीच थांबली.

"मग बाहेर बाकावर मलाबी कोण सांगत होतं?"