रोजचा उशीर

घराला दार असतं आणि त्या दारातून वेळेवर आत यायचं असतं, हे या माणसाला जन्मात कुणी शिकवलंच नाही, असं त्याच्या बायकोचं, थोरलीचं, म्हणणं. काम सुटायचं पाचला आणि नवरा उगवायचा अंधार पडल्यावर. केसांत मीठ, अंगाला रंगाचा वास, आणि विचारलं तर एकच उत्तर, "वारं होतं." जसं काही वारं याला मांडीवर घेऊन बसलं होतं. याच्या ताटावर झाकण ठेवण्यात तिचं तारुण्य गेलं.

समुद्राकाठच्या उद्यानात कड्याच्या कडेने लांबच लांब लोखंडी कठडा होता. खारं वारं तो खात जायचं आणि नवरा तो खरवडून रंगवत जायचा. रंग शेवटच्या टोकाला पोचेतो पहिलं टोक पुन्हा गंजलेलं. पण आता निवृत्ती तोंडावर आली होती. थोरलीने लेकाच्या शहरात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, खिडक्यांचे पडदेसुद्धा शिवून झाले होते. आणि काल हा घास मोडता मोडता म्हणतो, "साहेब म्हणतात, आणखी दोन वर्षं थांबा."

"मग? नाही म्हणालात ना?"

नवऱ्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला तो रिकामा होईस्तोवर काढला नाही.

म्हणून आज थोरली स्वतःच निघाली. नाही कसं म्हणतात ते तिला चांगलं येत होतं.

साहेबांची कचेरी नेमकी कड्याच्या पार पलीकडच्या टोकाला. आजवर तिने उद्यानाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, "नवरा गंज खरवडतो, त्यात काय बघायचंय?"

"रुमाल घट्ट बांध डोक्याला," चढावर नवरा म्हणाला. "वर वारं आहे."

"तुमचं वारं मला तोंडपाठ आहे. चला पुढे."

आधी वास आला, कोंबड्यांच्या खुराड्याचा. मग कालवा ऐकू आला. एवढ्या उंचावर बाजार कुणी भरवला, असं ती विचारणार, तेवढ्यात नवरा वळणावर थांबला. तिथे कठड्याचा रंग दोनच जागी उडाला होता. दोन कोपरं टेकतील एवढ्याच त्या जागा, खाली लोखंड घासून चकचकीत झालेलं.

"इथला रंग गेलाय," ती म्हणाली.

"इथे टिकत नाही."

ती पुढे झाली, कठडा धरला आणि खाली बघितलं.

कडा सरळ खाली तुटला होता, भिंतच, आणि ती भिंत जिवंत होती. कपारी-कपारीला पांढरे पक्षी, एकाची चोच दुसऱ्याला पोचणार नाही एवढंच मध्ये अंतर. तळाशी लाटा फुटत होत्या आणि त्यांचा आवाज वर येईपर्यंत त्या विरूनही जात. एक पक्षी पंख मिटून वरून सुटला तो भाल्यासारखा पाण्यात घुसला. तिने डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा तो मासा गिळत पाण्यावर निवांत डुलत होता. खडकाशी पाण्यातून एक मिशाळ तोंड वर आलं आणि थेट तिच्याकडे बघत राहिलं.

"हे कुत्रं कुणी सोडलं पाण्यात?"

"सील आहे ती. रोज येते."

"बघते काय अशी?"

"नवीन माणूस दिसलं की बघते."

कचेरी बंद व्हायची वेळ होत आली, हे थोरलीला ठाऊक होतं. निघायला हवं होतं. पण उन्हं कलली आणि समुद्राच्या कडेवर एक पांढरा धूर उठला. धूर जवळ आला, त्याला पंख फुटले, आणि आभाळ डोक्यावरून खाली उतरल्यासारखे ते सगळे घरी परतले. तिचा रुमाल सुटला, तो तिने बांधला नाही. एवढ्या गर्दीत, एकसारख्या कपारींत, कुणीही चुकला नाही. जो तो आपल्याच दारात उतरला, आणि मान मानेला घासू लागला.

सगळे टेकल्यावर एक मागून आला, एकटाच. कपारीतल्या जोडीदारणीने त्याची मान चोचीत धरून गदागदा हलवली. तो मुकाट हलला. मग तिने त्याला सरकून जागा दिली.

"ही तुझ्यातली," नवरा हळूच म्हणाला.

थोरली काही बोलली नाही, तेव्हा तो घाबरला. पलीकडच्या टोकाला कचेरीचा दिवा मालवला गेला.

"साहेब निघाले," तो म्हणाला. "आता उद्याच."

"जाऊ देत." तिने डोळ्यांतलं पाणी पुसलं, आणि वाऱ्याने आलं असं तो म्हणण्याआधीच त्याच्याकडे वळली. "पडदे सुनेला देऊन टाकीन. आणि तुम्ही खोटारडे आहात. वारं होतं म्हणे." ती पुन्हा कड्याकडे बघू लागली. तिची कोपरं त्या चकचकीत जागांवर टेकली होती. "आता मला एवढंच सांगा, इतकी वर्षं तुम्ही रोज घरी आलात तरी कसे?"