सहावं चाक

सहावं चाक तेवढं गार करायचं राहिलं होतं.

उस्तादांनी ट्रेलरची ती बाजू जॅकवर उचलली, गुडघे टेकले आणि ब्रेकच्या कॅलिपरवरचं, म्हणजे पॅड दाबणाऱ्या जबड्यावरचं, रबरी टोपण काढलं. पॅडचं अंतर जुळवणाऱ्या आतल्या नटावर लांब दांड्याचा पाना बसवला. नट हलेना. मग पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला. टक् असा आवाज आला आणि नट सैल फिरला.

"जमलं," ते म्हणाले.

चाळीस वर्षं त्यांनी जुन्या ड्रम ब्रेकवर काढली होती. तिथं टक् वाजलं की हात थांबवायचा. हे डिस्क ब्रेक नवे होते, पण कान जुनाच होता.

त्यांनी चाकाला हाताने ढकललं. ते गरगर फिरत राहिलं.

"बघा जावईबापू. भोवरा झालाय नुसता."

जावई बाजूला उभा होता. गाडी त्याची स्वतःची, चालवायचाही तोच. "मामा, तुमचा हात लागला की चाक पुन्हा तापत नाही, हे मात्र मानलं."

"आधीच्या पाचांतलं एक तरी कुरकुरलं का?"

"एकही नाही."

गेल्या वर्षभरात ट्रेलरचं एकेक चाक तापू लागलं होतं आणि एकेक उस्तादांनी असंच मार्गी लावलं होतं. सहावं मात्र त्यांच्या हाती लागायच्या आधीच घाटाखालच्या तपासणी नाक्यावर सापडलं. धूर निघत होता त्यातून. नाक्यावरच्या तपासनीस बाईंनी कागदावर शेरा मारला होता: पुढच्या खेपेला एकही चाक असं तापलेलं दिसलं तर ट्रेलर कामावरून बंद. माल एकाच कंपनीचा होता. ते काम सुटलं तर जावयाला घरी बसावं लागणार होतं.

उस्तादांची मुलगी पाण्याची बाटली घेऊन शेडमध्ये आली. "बाबा, या खेपेला तुम्हीच चला बरोबर. बाईंनी काही विचारलं तर तुम्ही बोला. हे नुसती मान हलवतात."

"मान हलवतो म्हणून तर संसार चाललाय," जावई म्हणाला.

"ऐकलंत ना, बाबा?"

उस्ताद हसले. बायको गेल्यापासून ते शेड आणि घर सोडून कुठं गेले नव्हते. त्यांनी हात धुतले, धुतलेला शर्ट चढवला आणि केबिनमध्ये खिडकीची जागा धरली. मुलगी दोघांच्या मध्ये बसली. ट्रेलरवर पंचवीस टन माल होता.

घाटमाथ्यावरून खालचं खोरं लख्ख दिसत होतं. उस्तादांनी काच खाली केली. वारा तोंडावर आला तसे त्यांनी डोळे मिटले. बरं वाटत होतं. मुलगी शेजारी आहे, जावई गुणी आहे, हातातलं कसब अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतंय. आणखी काय पाहिजे?

"आज जरा जास्तच ढकलतोय मागून," जावई म्हणाला. त्याने गियर आणखी खाली घेतला.

"पंचवीस टन आहेत ते. पाठीवर हात फिरवतील होय?"

मुलगी खळखळून हसली. थोड्या वेळाने तिने नाक मुरडलं. "कसला वास येतोय?"

"केबिनखालच्या पुढच्या चाकांना नवे ब्रेक पॅड टाकलेत ना," उस्ताद म्हणाले. "बसेपर्यंत वास यायचाच."

"वर्षात तिसऱ्यांदा टाकले," जावई म्हणाला. "पुढची चाकं पॅड खातात की काय, कळत नाही."

शेवटच्या वळणावर त्याचा ब्रेकवरचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला. त्याने ओठ आवळले. गाडी वळली आणि रस्ता सरळ झाला.

नाक्यावर तपासनीस बाई तापमान मोजायची बंदूक घेऊन पुढे आल्या. त्यांनी थेट ट्रेलर गाठला. उस्ताद हात मागे बांधून त्यांच्या मागोमाग चालू लागले.

"अठ्ठावीस," बाई पुटपुटल्या. मग त्यानंतरचं चाक. "सत्तावीस." सहाव्या चाकापाशी त्या उकिडव्या बसल्या. "अठ्ठावीस."

"हात लावून बघा, बाई. गार आहे की नाही?"

बाईंनी हातमोजा काढला आणि खरंच तळवा टेकवला. बराच वेळ. मागे मुलीने नवऱ्याला कोपरखळी मारली.

"वर कुठं थांबला होतात का? चहापाण्याला वगैरे?"

"कुठंच नाही," जावई म्हणाला. "तडक उतरलो."

"चाकांवर पाणी मारलंत?"

"छे हो!" उस्ताद म्हणाले. "लबाडी नाही आपल्याकडे. सहाही चाकं मी स्वतः दुरुस्त केलीत. या हातांनी."

बाई उठल्या. त्यांनी दोन लाकडी ठोकळे आणून ट्रेलरच्या चाकांखाली सरकवले. मग केबिनपाशी जाऊन चावी काढून घेतली आणि खिशात टाकली.

उस्ताद गोंधळले. "एक तरी चाक तापलेलं सापडलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग चावी कशाला?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"उस्ताद, सबंध घाट उतरून आलेलं चाक गरम असायलाच हवं. मागच्या खेपेला मी ज्याच्यावर शेरा मारला, तो या ट्रेलरचा शेवटचा चालू ब्रेक होता."