पंपाशेजारची विहीर

पेट्रोल पंपाच्या आवारात आई उकिडवी बसून मूठभर माती हुंगत होती. मालकांनी हसून विचारलं, "काय मॅडम, अत्तर लावलंय का मातीला?"

"लावलंय की! तुमच्याच दुकानातलं."

शेजारच्या सरूमावशींच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येत होता. मालक म्हणत, टाकी नवी आहे. वास पलीकडच्या गॅरेजचा. "टाकी नवी, पण पाइप जुना. उद्या तिथं खणू," आई म्हणाली. आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत माती तपासायचो. लेकीला वशिल्यानं घेतलं असं कुणी म्हणू नये, म्हणून कामावर मी तिला मॅडमच म्हणायचं, हा तिचा नियम. परतताना मिसळ खाल्ली. तिनं माझ्याही वाटीतली तर्री संपवली.

पहाटे ती झोपेतच गेली.

तेराव्यानंतर मी पंपावर परतले आणि पाइपच्या कडेनं खणायला लावलं. सरूमावशी काठावरून म्हणाल्या, "पोरी, सापडलं तर पुरणपोळी. नाही सापडलं तर टँकरच्या पाण्याचा चहा!"

"चहा आत्ताच टाका," मालक म्हणाले. हसू दाबत मी खड्ड्यात उतरले.

पाइपच्या सांध्याखालची माती काळपट, ओली होती. हुंगली, वास नेमका डिझेलचा. पण गॅरेजचं तेल म्हणतील म्हणून मी सांधा फडक्यानं कोरडा पुसला आणि वर डिझेल भरायचं मशीन सुरू करायला सांगितलं. पुसलेल्या सांध्यावर एक थेंब फुगला, लोंबला, पडला. दुसरा आला.

"आई, सापडलं गं!" सगळ्यांदेखत मी खड्ड्यातून ओरडले.