खिशातली बिस्किटं

लेक परदेशात बड्या घरी इंग्रजी शिकवतो, हे आईने अख्ख्या भावकीत मिरवलं होतं. त्याच्याकडे राहायला आल्यावर तिने सकाळी त्याचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात बिस्किटं. चहात बुडवून खाल्ली. मेली बेचव होती, तरी लेकाच्या कमाईची. दुपारी हट्टाने त्याची शिकवणी बघायला गेली. दिवाणखान्यात विद्यार्थी शेपूट हलवत आला. "याला इंग्रजीच कळतं गं, या लोकांना ते येत नाही," लेक पुटपुटला. त्याने "सिट" म्हणताच कुत्रा बसला. लेकाने खिशातून बिस्कीट काढून भरवलं. सकाळी खाल्लं तसलंच. मालकीणबाईंनी हसून आईला खुर्ची दाखवली आणि नुकताच ऐकलेला शब्द वापरला, "सिट." लेक कुजबुजला, "बस ना आई, बाईंना राग आला तर नोकरी जाईल." पदराने तोंड पुसत आई उभीच राहिली. "बिस्कीट सकाळीच खाल्लंय रे, बसायची तेवढी नाही."