ताण घेऊ नकोस

ट्रेमध्ये पाच पट्ट्या होत्या: चार तुटलेल्या, एक अखंड. उन्हाळी संशोधनासाठी त्यांचा मिश्रधातू त्या विद्यार्थिनीनेच ओतला होता. एका तरी पट्टीने तुटण्याआधी तीनशे मेगापास्कल ताण सोसला तरच उन्हाळा सार्थकी लागणार होता. आत राहिलेल्या बुडबुड्यांमुळे चौघींनी त्याआधीच मान टाकली होती. तिने पाचवी पट्टी तुटेपर्यंत ओढणाऱ्या यंत्राच्या जबड्यात आवळली, बटण दाबलं आणि आईचा फोन आला. "उद्या घरी यायचंय. उगाच ताण घेऊ नकोस." "मी कुठे घेतेय? पट्टी घेतेय." शेजारी उभी असलेली मार्गदर्शक ताई खुदकन हसली. तेवढ्यात काडकन आवाज झाला. "अगंबाई, काय मोडलं? तुला लागलं का?" "नाही गं आई. पट्टी तुटली." तिला यंत्राच्या पडद्याकडे बघायचा धीर होईना. "तुटली तर तुटली. तिच्यापायी किती जीव आटवशील? तू धड आहेस ना? मग झालं." तिने मान वर केली. पडद्यावर आकडा होता: तीनशे बारा मेगापास्कल.