शेळ्यांच्या गळ्यातला टॉवर

मोबाइल कंपनीच्या साहेबांनो, झिरीपाडा तुम्ही नकाशातून वगळलात. "तिथे टॉवर परवडत नाही," म्हणालात आणि बैठक उरकलीत.

मग पाड्याने सिग्नल शेळ्यांच्या गळ्यात बांधला. प्रत्येक पट्ट्यात एक छोटं यंत्र. शेळ्या डोंगराच्या धारेवर पसरल्या की एकीकडून दुसरीकडे उड्या मारत सिग्नल तालुक्याला पोचतो. पोरांची मोबाइलवरची शाळाही शेळ्या वर चढल्यावरच भरते.

त्या दुपारी पाड्यातली रुमली बाळंतपणात अडली होती. बाळ पायाळू. मोबाइलच्या पडद्यावरून तालुक्याची डॉक्टर सुईण सेगीबाईला हात कसा फिरवायचा ते दाखवत होती, इतक्यात चित्र थरथरलं. उन्हाने तापलेल्या शेळ्या पाण्यावर उतरायला लागल्या होत्या.

"अरे, वळवा त्यांना!" सेगीबाई ओरडली.

"तहानलेली शेळी बापाचं ऐकत नाही, काकी," म्हणत रुमलीच्या नवऱ्याने, दितल्याने, एकीचा पट्टा सोडून स्वतःच्या गळ्यात बांधला आणि तो धारेकडे पळाला. मग सगळ्या पाड्याने तेच केलं. माणसं रणरणत्या उन्हात अंतर राखून उभी राहिली.

"आता फक्त बें करायचं राहिलं," रुमलीचा म्हातारा सासरा म्हणाला, पण जागचा हलला नाही.

चित्र स्थिर झालं. थोड्या वेळाने बाळ रडलं.

"सिग्नल एकदम कसा सुधारला?" डॉक्टरने विचारलं.

"टॉवर उन्हात उभा आहे, बाई. त्याला पाणी पाजायला जाते," सेगीबाई म्हणाली.

उद्या दुपारी शेळ्यांना पुन्हा तहान लागणार आहे. तेव्हा त्या धारेवर तुमच्यापैकी कोण उभं राहणार? नावं सांगा.